कार्ल टेरझागी : जमिनीची हालचाल मोजणारे अभियंते

चरित्रपर गद्याचा अभ्यास करताना संत, समाजसुधारक आणि साहित्यिक यांची चरित्रे आपल्या वाचनात वारंवार येतात. प्रस्तुत घटकासाठी एका अभियंत्याचे चरित्र निवडले आहे. शहराच्या पोटातून बोगदा खणताना वरची जमीन व इमारती किती हलतात, हे मोजल्यावाचून पुढे जाऊ नये, असा आग्रह धरणाऱ्या कार्ल टेरझागी यांचे.

त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८८३ रोजी प्राग येथे झाला. ग्राझ येथे त्यांनी यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली, परंतु त्यांचे मन रमले ते भूगर्भशास्त्रात. १९१२ साली ते अमेरिकेत गेले आणि तेथील धरणांच्या जागा हिंडून त्यांनी टिपणे जमवली. भूस्तरांची नोंद आणि बांधकामाचा अनुभव शेजारी शेजारी मांडले, की नियम आपोआप सापडतील, ही त्यांची अपेक्षा होती. तसे घडले नाही. ‘बारीक वाळू’, ‘मऊ चिकणमाती’ अशा एकाच नावाखाली अगदी भिन्न वर्तनाच्या माती नोंदल्या गेल्या होत्या. शब्द आणि वस्तू यांच्यातील हे अंतर भाषेच्या अभ्यासकास नवे नाही; अभियंत्याच्या बाबतीत मात्र त्याच अंतरात इमारत खचते.

पुढे इस्तंबूल येथे अध्यापन करीत असताना त्यांनी मातीला नावाऐवजी आकडा देण्याचा ध्यास घेतला. साधने तुटपुंजी होती. सिगारच्या रिकाम्या खोक्यांपासूनही त्यांनी उपकरणे उभी केली. पाण्याने भरलेल्या चिकणमातीवर भार आला, की तो आरंभी कणांमधील पाणी पेलते. पाणी सावकाश झिरपून गेल्यावर तो कणांवर येतो आणि जमीन खचत जाते, हे त्यांनी दाखवून दिले. इमारत उभी राहिल्यावर कित्येक वर्षे का खचत राहते, याचा उलगडा त्यातून झाला. १९२५ साली व्हिएन्नाहून त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि एक नवी विद्याशाखा जन्मास आली. मराठीत तिला आपण मृदायामिकी म्हणतो. (सामान्य माणूस ‘मृदा’ खणत नाही, माती खणतो, पण परिभाषेचा हा हट्ट तूर्त मान्य करू.)

मध्यंतरीची अध्यापनाची वर्षे आपण ओलांडून जाऊ. १९३८ साली टेरझागी ऑस्ट्रिया सोडून हार्वर्ड येथे आले, तेव्हा शिकागो शहरात भुयारी रेल्वेचे काम हाती घेतले जात होते. तेथील जमीन मऊ चिकणमातीची आणि बोगद्याचा मार्ग गजबजलेल्या स्टेट स्ट्रीटखालून जाणारा. अशा मातीत बोगदा खणण्याचे धोके टेरझागी यांनी शिकागोतील एका व्याख्यानात स्पष्ट केले. परिणामी इमारतमालक धास्तावले. सल्लागार म्हणून त्यांना मालकांच्या संघटनेनेही पाचारण केले आणि शहरानेही. त्यांनी शहराचे काम पत्करले, परंतु मातीची प्रयोगशाळा हवी आणि तिथे आपल्या निवडीचा माणूस हवा, ही अट घातली. तो माणूस म्हणजे सव्वीस वर्षांचा राल्फ पेक. जानेवारी १९३९ मध्ये पेक कामावर रुजू झाले.

त्यांनी नेमके काय मोजले, हे समजून घेणे आवश्यक आहे. पोलादी अस्तराचा आधार मिळण्यापूर्वीच मऊ माती खोदलेल्या पोकळीकडे सरकते. जेवढी माती आत येते, साधारण तेवढीच खोलगट पन्हळ वर रस्त्यावर उमटते. म्हणून बोगद्यात मातीचे सरकणे आणि वर रस्त्याचे व इमारतींचे खचणे, अशी दोन्ही मापे एकाच वेळी घेण्यात आली. त्यासाठी संदर्भबिंदू खोदकामाच्या प्रभावापासून दूर असावा लागतो. तोच खचला तर सारी मापे खोटी ठरतात. शिवाय संपूर्ण इमारत सारखीच खचली, तर तिला फारशी इजा होत नाही. एक खांब अधिक आणि शेजारचा कमी खचला, की भिंतीला तडा जातो. त्यामुळे केवळ एका बिंदूचे माप पुरत नाही, दोन बिंदूंमधील फरक पाहावा लागतो.

पेक यांचे अहवाल टेरझागी यांच्याकडे जात आणि त्यांच्या सूचना परत येत. कोणत्या खोदपद्धतीत माती अधिक सरकते, हे आकड्यांवरून दिसू लागले, तशी खोदण्याची रीत बदलण्यात आली. माझ्या मते टेरझागी यांचे मोठेपण येथे आहे. स्वतः सिद्धान्त रचणाऱ्या या माणसाने सिद्धान्तापेक्षा मापाला वरचढ मानले. मुंबईत मेट्रो तीनच्या कामाच्या वेळी गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या इमारतींवर लावलेली मापनसाधने आपणांपैकी काहींनी पाहिली असतील. तिथला खडक निराळा, उपकरणेही निराळी. परंतु विचार तोच.

स्टेट स्ट्रीटचा भुयारी मार्ग ऑक्टोबर १९४३ मध्ये सुरू झाला. १९४८ साली टेरझागी आणि पेक यांचा संयुक्त ग्रंथ प्रसिद्ध झाला. टेरझागी २५ ऑक्टोबर १९६३ रोजी निधन पावले. खोदता खोदता मोजणे आणि मोजमापानुसार आराखडा बदलणे, या रीतीला ‘निरीक्षणपद्धती’ म्हणून सुस्पष्ट रूप दिले ते पेक यांनी, १९६९ सालच्या आपल्या व्याख्यानात.