कामगारांचे कैवारी कै. ना. म. जोशी



स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे अध्यक्षबाईंनी सांगितले, तेव्हा मी कै. नारायण मल्हार जोशी ह्यांचे नाव घेतले. पुष्कळजणींना ते मुंबईतील एका रस्त्याचे नाव म्हणून ठाऊक आहे. लोअर परळचा डिलाईल रोड तोच ना. म. जोशी मार्ग. त्या नावाचा माणूस कोण, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. आपल्या सरावलीला तर तारापूरची औद्योगिक वसाहत लागूनच आहे. घरटी एक तरी माणूस सकाळी डबा घेऊन कंपनीत जातो. म्हणून मला हे चरित्र आपले वाटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे; कायद्याची कलमे सांगत बसत नाही, समजले तेवढे लिहिते.

जोशींचा जन्म 5 जून 1879 रोजी कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. पुण्यास शिक्षण घेऊन त्यांनी काही वर्षे शिक्षकाची नोकरी केली. पुढे 1909 साली ते नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. तेथे पोटापुरते मानधन मिळे आणि सारा वेळ देशकार्यास द्यावा लागे. 1911 साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही संस्था काढली. गिरणगावातल्या चाळींत एका खोलीत दोन दोन बिऱ्हाडे राहत. अशा वस्तीत लीगने रात्रीच्या शाळा, वाचनालये, दवाखाने चालविले, बायकांसाठी शिवणाचे वर्ग काढले. नाटकांसाठी पुढे नावारूपाला आलेला परळचा दामोदर हॉल ह्याच संस्थेचा.

परंतु शाळा नि दवाखाने काढून गिरणी कामगाराचे दुःख संपेना. 1920 साली मुंबईत लाला लजपतराय ह्यांच्या अध्यक्षतेखाली देशातील कामगार संघांची पहिली मोठी परिषद, आयटक, भरली. तिच्या उभारणीत जोशी होते. 1921 पासून ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात बसू लागले. तेथे गिरणी कामगाराला मत नव्हते, म्हणून त्याच्या वतीने सरकारच एक सभासद नेमी. ती नेमणूक जोशींना मिळाली आणि सुमारे पाव शतक टिकली. ज्या सरकारने खुर्ची दिली, त्याच सरकारच्या विरुद्ध ते त्या खुर्चीवरून बोलत राहिले. हे मला फार विशेष वाटते.

पहिल्याच वर्षी त्यांनी कामगार संघांना कायद्याचे संरक्षण द्यावे असा ठराव आणला. त्या काळी संघ काढणाऱ्यावर मालक कोर्टात दावा लावू शके. मद्रासेत तसे घडलेही होते. 1926 साली तो कायदा झाला. त्याआधी 1923 साली कामावर अपघात झाल्यास नुकसानभरपाई देण्याचा कायदा आला.

आता बायकांची गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहावयास बसले. गिरणीतली बाई पोट पुढे आले तरी साच्यापाशी उभी राही, कारण खाडा झाला की पगार बुडे. जोशींनी 1924 साली दिल्लीत बिल आणले: बाळंतपणाआधी व नंतर काही आठवडे बाईला रजा मिळावी आणि रजेत पैसेही मिळावेत. सरकारने विरोध केला आणि 1925 साली ते नामंजूर झाले. परंतु विचार मेला नाही. मुंबईच्या कायदेकौन्सिलात तसेच बिल आले, तेव्हा 1928 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू उचलून धरली. आईला विश्रांती मिळण्यात साऱ्या देशाचे हित आहे, असा त्यांचा मुद्दा होता. 1929 साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. सात आठवडे, दिवसाला आठ आणे. आज ते थोडके वाटेल, परंतु घरी बसलेल्या बाळंतिणीच्या हातात मालकाने पैसे ठेवायचे, ही गोष्टच नवी होती. पुढे गिरण्यांत बायांची संख्या कमी कमी होत गेली, हेही खरे आहे.

साऱ्या देशासाठी बारा आठवड्यांचा कायदा होण्यास 1961 साल उजाडले. 2017 पासून पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवडे झाले. आधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम झालेले असावे लागते, हे आपल्या मुलीसुनांना जरूर सांगून ठेवा. आमच्या आळीतली एक सून एका कारखान्यात ठेकेदाराकडून पॅकिंगला जाई. सातव्या महिन्यात तिला उद्यापासून येऊ नको म्हणाले. मस्टरवर तिचे नाव कधी चढलेच नव्हते, तर ऐंशी दिवस दाखविणार कसे? हजेरीचा कागद आणि पगाराची चिठ्ठी जपून ठेवली पाहिजे.

पगाराचेही असेच. गिरणीत पगार महिना उलटून पंधरा दिवसांपर्यंत रखडे, तोवर सावकार घरी येई. कापड बिघडले की दंड, आणि वर ते कापडच विणकराच्या गळ्यात मारीत. 1936 च्या कायद्याने हजारांपेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी सात तारखेच्या आत पगार बांधून दिला, नि दंड रुपयामागे अर्ध्या आण्यावर नेता येईना. घर चालविणाऱ्या बाईला सात तारखेचे मोल वेगळे सांगायला नको. तो कायदा पुढे 2019 च्या वेतन संहितेत गेला.

जोशी वॉशिंग्टनला 1919 साली भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला गेले होते, 1929 साली नेमलेल्या शाही कामगार कमिशनवरही होते. जहाल मंडळींना ते फार मवाळ वाटत. 1929 साली नागपूरला आयटकमध्ये फूट पडली आणि ते बाहेर पडले. नंतर पुन्हा एकी झाली व 1940 पासून काही वर्षे ते सरचिटणीस राहिले. आपल्या तलासरी-डहाणूच्या वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध 1945 साली उभे करणाऱ्या गोदावरीताई परुळेकर ह्याही आधी भारत सेवक समाजातच होत्या. दोघांचे मार्ग मात्र निराळे झाले.

30 मे 1955 रोजी जोशी वारले. तोवर मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे वाजतच होते, आणि आपल्या तारापूरला अजून एकही कारखाना आला नव्हता.