अनवाणी पायांचे पाठीराखे : सर दोराबजी टाटा

रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोली हे गाव आहे. तेथे डोंगरावरून मोठमोठे नळ खाली उतरलेले दिसतात. लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी या नळांतून ५०० मीटरांहून अधिक खाली येते आणि त्याच्या जोरावर वीज तयार होते. हे वीजघर १९१५ साली सुरू झाले. जमशेदजी टाटा यांनी डोंगरातल्या पाण्यापासून वीज तयार करण्याचा विचार केला होता. त्यांच्या मागे त्यांचे थोरले चिरंजीव दोराबजी यांनी ते काम तडीस नेले.

वीज आणि पोलाद यांच्यासाठी दोराबजींचे नाव प्रसिद्ध आहे. पण लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरू पाहणाऱ्या गरीब खेळाडूंसाठी त्यांनी काय केले, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. तरुणपणी ते शिक्षणासाठी विलायतेला गेले. १८७७ साली त्यांनी केंब्रिज येथे प्रवेश घेतला. तेथे ते अभ्यासाबरोबर क्रिकेट आणि फुटबॉलही खेळत. विद्यार्थ्यांच्या जीवनात खेळाला किती मान असतो, हे त्यांनी तेथे पाहिले. दोन वर्षांनी ते मुंबईस परतले आणि १८८२ साली सेंट झेवियर्स कॉलेजातून पदवीधर झाले. काही काळ त्यांनी वर्तमानपत्रात काम केले. पुढे १८८४ साली ते वडिलांच्या व्यवसायात दाखल झाले.

१९०४ साली जमशेदजी वारले. त्यांची अपुरी कामे आता मुलांना पुरी करायची होती. लोखंडाच्या खाणी शोधण्यासाठी दोराबजी बैलगाडीतून रानोमाळ हिंडले. १९०७ साली पोलादाची कंपनी स्थापन झाली. १९१० साली सरकारने त्यांना 'सर' हा किताब दिला. एवढा मोठा व्याप सांभाळतानाही त्यांचा खेळांचा शौक कमी झाला नाही.

पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना ही संस्था स्थापन झाली होती. दोराबजी तिचे अध्यक्ष झाले. १९१९ साली जिमखान्याच्या शर्यती पाहताना त्यांना एक नवलाची गोष्ट दिसली. शर्यतीत उतरलेले बहुतेक तरुण शेतकऱ्यांची मुले होती. शेतात राबावे आणि साधी भाजीभाकरी खावी, असे त्यांचे जीवन. कोणाकडून रीतसर शिक्षण मिळालेले नव्हते. शर्यतीचे विलायती नियम त्यांना माहीत नव्हते. मैदान ओबडधोबड होते. पायांत बूट नव्हते. तरीही लांब पल्ल्याचे अंतर त्यांनी ज्या वेळेत कापले, ती वेळ युरोपातील धावपटूंच्या वेळेशी तुलना करण्याजोगी होती.

दोराबजींच्या मनाने घेतले, की या मुलांना ऑलिंपिक सामन्यांत संधी मिळाली पाहिजे.

पण वाटेत दोन अडचणी होत्या. पहिली अशी, की भारतात तेव्हा ऑलिंपिकची संघटनाच नव्हती. दुसरी अडचण पैशाची होती. त्या काळी ऑलिंपिकमध्ये फक्त हौशी खेळाडूंना प्रवेश असे. हौशी म्हणजे खेळातून पैसा न मिळवणारा. हा नियम ऐकायला चांगला वाटतो. पण त्यामुळे श्रीमंताच्या मुलाचे काही अडत नसे, गरिबाचे मात्र सारेच अडे. बक्षिसाचा पैसा घ्यायचा नाही, तर बोटीचे भाडे कोठून आणायचे? शेतातली मजुरी बुडाली, तर घर कसे चालायचे? पायांत बळ असूनही असा खेळाडू गावच्या वेशीबाहेर जाऊ शकत नसे.

दोराबजींनी दोन्ही अडचणींवर उपाय शोधला. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या मदतीने भारताला ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला. जिमखान्याच्या धावपटूंना पाठवण्यासाठी दोराबजींनी स्वतःचा पैसा खर्च केला. १९२० साली भारताचा छोटा संघ बोटीने युरोपला निघाला. त्यात धावपटू होते आणि कुस्तीगीरही होते.

बेल्जियम देशातील अँटवर्प शहरी २२ ऑगस्ट १९२० रोजी मॅरेथॉन शर्यत झाली. अंतर ४२ किलोमीटर ७५० मीटर होते. आजच्या मॅरेथॉनपेक्षा ते अर्ध्या किलोमीटरहून अधिक होते. बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे दोघे भारताकडून धावले. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही. चौगुल्यांनी मात्र २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत ती पूर्ण केली आणि १९ वा क्रमांक मिळवला. पदक मिळाले नाही. पण जगातील नामवंत धावपटूंच्या बरोबरीने आपली माणसे उतरू शकतात, हे सिद्ध झाले.

याच सामन्यांत जलद चालण्याच्या ३ आणि १० किलोमीटरच्या शर्यतीही झाल्या होत्या. त्या शर्यतींत भारताला नाव मिळायला बराच काळ जावा लागला. १९६० साली रोम येथे झोरा सिंग यांनी ५० किलोमीटर चालण्याच्या शर्यतीत ८ वा क्रमांक पटकावला. २०२२ साली राष्ट्रकुल सामन्यांत प्रियांका गोस्वामी यांनी १० किलोमीटर चालण्याच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवले.

अँटवर्पनंतर दोराबजींनी काम सोडले नाही. १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांच्या पत्नी मेहेरबाई याही खेळाडू होत्या. त्या साडी नेसून टेनिस खेळत.

दोराबजींच्या स्वभावाची खरी परीक्षा १९२४ साली झाली. पोलादाची कंपनी बुडण्याच्या बेतात आली. तेव्हा दोराबजींनी आपली सर्व मालमत्ता आणि मेहेरबाईंचे दागिने गहाण ठेवून कर्ज उभे केले. कंपनी वाचली आणि कामगारांची रोजीरोटीही वाचली.

१९३१ साली मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. दोराबजींना मूलबाळ नव्हते. १९३२ साली त्यांनी आपली संपत्ती लोककल्याणासाठी विश्वस्त निधीला देऊन टाकली. त्याच वर्षी ३ जून रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. पुढे १९४१ साली त्याच निधीतून मुंबईत कर्करोगाचे टाटा रुग्णालय उभे राहिले.

मुलांनो, कर्जत-खालापूरच्या वाड्यावस्त्यांवरची कितीतरी मुले डोंगरवाटा पायी तुडवतात. त्यांच्या पायांत बळ आहे, अंगात मेहनतीची सवय आहे. दोराबजींनी असेच पाय ओळखले. गुण गरिबाच्या घरीही असतो. तो ओळखणारी नजर आणि मदतीचा हात मात्र त्याला मिळावा लागतो.

स्वाध्याय

१. जिमखान्याच्या शर्यतीत दोराबजींना कोणती नवलाची गोष्ट दिसली?
२. हौशी खेळाडूंचा नियम गरिबांना जाचक का होत असे?
३. उपक्रम : चालण्याच्या शर्यतीत एक पाय सतत जमिनीला टेकलेला असावा लागतो. पुढे टाकलेला पाय जमिनीला टेकल्यापासून शरीर त्याच्यावर येईपर्यंत गुडघ्यात वाकू द्यायचा नसतो. शाळेच्या मैदानावर या नियमाने एक फेरी चाला. मित्राला पंच करा. दर आठवड्याला अंतर थोडे थोडे वाढवा आणि वहीत लिहून ठेवा.