झिजलेल्या नाण्याची साक्ष

विज्ञान प्रयोगशाळेच्या चार भिंतींतच वाढते आणि सामान्यांनी त्याची फळे तेवढी चाखावयाची, असा समज सुशिक्षितांतही रुजलेला आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र या समजाला छेद देते.

बौद्ध धर्माचे विख्यात पंडित धर्मानंद कोसंबी यांचे हे पुत्र ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात जन्मले. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन ते परतले आणि बनारस, अलीगढ व पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित शिकविले. संख्याशास्त्र आत्मसात करावे म्हणून त्यांनी जे प्रश्न हाती घेतले, त्यांपैकी एक होता नाण्यांचा. नाणे हातोहात फिरते आणि प्रत्येक हाताळणीत कणभर झिजते. टांकसाळीतून एकाच वजनाची म्हणून निघालेली नाणी जसजशी जुनी होतात, तसतसे त्यांचे सरासरी वजन घटते आणि परस्परांतील फरक वाढत जातो. कोसंबींनी बाजारात चालणारी नाणी काटेकोर तराजूत तोलून हा नियम पडताळला आणि मग तोच तक्षशिलेच्या प्राचीन आहत नाण्यांना लावला. ज्या चांदीच्या तुकड्यांवर राजाचे नाव नाही की वर्ष नाही, त्यांचा पौर्वापर्यक्रम त्यामुळे लावता येऊ लागला.

हीच दृष्टी घेऊन ते पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी हिंडले. धनगरांच्या वाटा, गावाबाहेरची शेंदूर लावलेली देवी आणि मातीत सापडणारी अश्मयुगीन सूक्ष्म हत्यारे यांचा संबंध त्यांनी जोडून दाखविला. देवींची अनेक ठाणी जुन्या वाटा जेथे मिळतात तेथेच का, हा त्यांचा प्रश्न. त्यांचे भारतीय इतिहासावरील पुस्तक १९५६ मध्ये निघाले, तेव्हा राजांच्या वंशावळीपेक्षा नांगर, धान्य आणि वाट यांना त्यात अधिक महत्त्व मिळाले.

हा मनुष्य निर्दोष नव्हता. स्वभाव तिखट आणि मतभेद टोकाचे. गणितातील एका अत्यंत अवघड सिद्धांताची आपण सिद्धता दिली, असा त्यांचा दावा टिकला नाही आणि त्याने त्यांच्या लौकिकास धक्का बसला. १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्यांची नेमणूक पुढे चालू राहिली नाही. अणुशक्तीपेक्षा सूर्यशक्ती या देशाला अधिक मानवेल, हे त्यांचे आग्रही मतही तेव्हा अप्रियच होते. २९ जून १९६६ रोजी, अवघ्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या चुका त्यांच्याबरोबर गेल्या. पद्धत मात्र मागे उरली आहे, आणि तिला मोठ्या शहराची अट नाही. पांढरकवड्यासारख्या कापसाच्या गावी काय नाही? जवळच केळापूरची जगदंबा आहे, नागपूरहून हैदराबादकडे जाणारा हमरस्ता आहे, भोवती कोलामांचे पोड आहेत. देवीचे ठाणे येथेच का, कोलाम कोणते धान्य केव्हापासून पेरतात, बाजाराची वाट कोठून वळली, हे प्रश्न तेथील शाळेच्या मुलांनी विचारावेत आणि शिक्षकांनी त्यांची नोंदवही ठेवावी. परीक्षेच्या धड्यांत हे बसत नाही, एवढ्यासाठी ते सोडून देणे म्हणजे हातातले नाणे न पाहताच खर्चून टाकणे होय. जुनी माणसे जातात, वाटा बुजतात. मग तोलावयास काही उरत नाही.