कष्टकऱ्यांचे बॅरिस्टर

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. शाळेत त्यांना इतर मुलांपासून दूर, गोणपाटावर बसावे लागे. पाण्याच्या नळाला स्पर्श करण्याचीही त्यांना मुभा नव्हती. पुढे बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात उच्च शिक्षण घेतले आणि १९२२ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले.

१९२३ मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. परंतु अस्पृश्य मानलेल्या बॅरिस्टरकडे मोठे खटले सोपवण्यास सॉलिसिटर तयार नसत. चरितार्थासाठी त्यांना व्यापारी कायद्याचे अध्यापनही करावे लागले. परळच्या कामगार वस्तीतील दामोदर हॉल हे त्यांच्या कार्याचे केंद्र बनले.

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता. तरीही महाडच्या चवदार तळ्यावर अस्पृश्यांना पाणी भरता येत नसे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. तेव्हा काही सवर्णांनी तळे खासगी असल्याचा दावा करून न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. बाबासाहेबांनी डिसेंबरमधील नियोजित सत्याग्रह स्थगित केला व न्यायालयात लढा दिला. तो तब्बल दहा वर्षे चालला. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासूनची असल्याचे वादी सिद्ध करू शकले नाहीत, म्हणून १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निर्णय दिला. मात्र रूढी सिद्ध झाली असती तर काय, हा प्रश्न उरलाच. पाण्याचा हक्क पुराव्याच्या उणिवेवर नव्हे, तर स्पष्ट कायद्यावर उभा असणे आवश्यक होते.

मुंबईच्या गिरण्यांतही हाच भेद होता. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून विटाळाच्या भीतीने अस्पृश्य कामगारांना अधिक वेतनाच्या विणकाम खात्यात प्रवेश नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय संपनेत्यांपुढे ठामपणे मांडला. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. संपाच्या हक्कावर बंधने घालणाऱ्या विधेयकाला त्यांनी १९३८ मध्ये कायदेमंडळात विरोध केला आणि ७ नोव्हेंबरला त्याविरुद्धच्या संपाचे नेतृत्व केले. विधेयक संमत झाले. पण जातींत विभागलेला कामगार त्या दिवशी एकत्र आला.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यांतील कामगारांना भरपगारी रजा मिळावी यासाठी १९४५ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला.

स्वातंत्र्यानंतर ते देशाचे पहिले कायदेमंत्री आणि राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. महाडच्या खटल्यात अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नाला घटनेने उत्तर दिले. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, तर तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली.

तथापि, कायदा करणाऱ्यांत दुर्बलांचा वाटा नसेल तर केवळ न्यायालय पुरेसे ठरत नाही, हेही त्यांनी ओळखले होते. घटनेचे काम सुरू असतानाच, २५ एप्रिल १९४८ रोजी ते संयुक्त प्रांताची राजधानी लखनौ येथे शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या परिषदेला गेले. अनुसूचित जाती आणि मागासवर्ग यांनी एकजूट करून राजकीय सत्ता मिळवावी, असे आवाहन त्यांनी तेथे केले. ते मंत्रिमंडळात असल्याने या भाषणावर टीकाही झाली.

स्त्रियांना वारसा व घटस्फोटाचे हक्क देऊ पाहणारे हिंदू संहिता विधेयक रखडल्यावर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा त्याग केला. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. लखनौमध्ये १९९६ साली त्यांच्या नावाने केंद्रीय विद्यापीठ स्थापन झाले. वर्गात गोणपाटावर बसवलेल्या विद्यार्थ्याचे नाव आज तेथील प्रत्येक पदवीवर आहे.