लाकडी खेळणी आणि ताराबाई मोडक

सिंहगडाच्या वाटेवरील धायरी हे गाव सन २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. नव्या इमारती आणि लहानमोठे कारखाने ज्या रस्त्यांवर शेजारी शेजारी उभे आहेत, अशा या गावी एखादा कारागीर मुलांच्या शिक्षणास उपयोगी पडतील अशी लाकडी खेळणी घडवू लागला, तर त्याने प्रथम कोणाचे चरित्र वाचावे, असा प्रश्न आम्हांस केल्यास आम्ही कै. ताराबाई मोडक यांचे नाव घेऊ. ताराबाईंनी हाती रंधा कधी धरला नसेल. तथापि खेळण्यात लाकूड किती आणि शिक्षण किती, याचा हिशेब त्यांच्याइतका कठोरपणे महाराष्ट्रात क्वचितच कोणी मांडला असेल.

त्यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी केळकरांच्या घराण्यात झाला. वडील प्रार्थनासमाजाच्या विचारांचे असल्यामुळे मुलीच्या शिक्षणास घरातून आडकाठी झाली नाही, आणि १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु तो टिकला नाही व १९२१ मध्ये घटस्फोट झाला. त्या काळी पांढरपेशा समाजात घटस्फोटित स्त्रीस काय सोसावे लागत असे हे सांगणे नलगे. ताराबाईंनी त्याबद्दल रडगाणे गाइले नाही. राजकोट येथे शिक्षिका तयार करणाऱ्या महिला विद्यालयाच्या प्रमुखपदाचे काम त्यांनी पत्करले, आणि तेथे असतानाच भावनगरचे गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिराची कीर्ती त्यांच्या कानी आली. गिजुभाईंनी वकिली सोडून १९२० मध्ये हे बालमंदिर काढले होते. मानाची जागा सोडून १९२३ मध्ये ताराबाई भावनगरास गेल्या.

येथे थोडे विषयांतर क्षम्य मानावे. लाकडाच्या ठोकळ्यातून मुलास शिकविण्याची कल्पना युरोपात प्रथम जर्मनीच्या फ्रोबेलने पद्धतशीर अंमलात आणली. लाकडी गोल, नळकांडे व घन ही त्याची साधने होत. डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोम शहरातील गरिबांच्या वस्तीत बालगृह काढले, आणि तेथे ही साधने अधिक काटेकोर झाली. दट्ट्यांच्या ठोकळ्यात दहा भोके व दहा दट्टे असतात. एक दट्टा चुकीच्या भोकात बसविला की शेवटी एक असा उरतो की तो कोठेच जात नाही. बाईंनी काही न बोलता लाकूडच मुलास त्याची चूक दाखविते. गुलाबी मनोऱ्याचे दहा घन एका सेंटीमीटरपासून दहा सेंटीमीटरपर्यंत चढत जातात, आणि लांबीच्या काठ्या दहा सेंटीमीटरपासून एक मीटरपर्यंत. साधनाचे सारे मर्म या मापात आहे. कच्चे लाकूड वापरले आणि पावसाळ्यात ते फुगले, तर बरोबर भोकातही दट्टा अडकतो, आणि बिचारे मूल कारागिराची चूक आपलीच समजते.

भावनगरात ताराबाईंनी सुमारे नऊ वर्षे हे शास्त्र आत्मसात केले. १९२६ मध्ये गिजुभाईंसह त्यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला आणि शिक्षण पत्रिकेच्या द्वारे मराठी पालकांस नवा विचार ऐकविला. १९३६ मध्ये मुंबईत दादरला त्यांचे शिशुविहार सुरू झाले. सुशिक्षितांची मुले तेथे येत आणि ते नावारूपास आले. येथेच थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते. परंतु ज्या पद्धतीचा जन्म रोमच्या गरीब वस्तीत झाला, ती हिंदुस्थानात श्रीमंतांच्या दिवाणखान्यात येऊन बसली आहे, हे शल्य त्यांस स्वस्थ बसू देईना. संचाची किंमतच अशी होती की खेड्यातील शाळेने तिचे नावही काढू नये.

डिसेंबर १९४५ मध्ये, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, त्या त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या, बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ तेथे त्यांस सहकारी मिळाल्या. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायकांनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. शंख, शिंपले, खडे, बिया, पाने, माती हीच साधने झाली. मोजणे, रंग ओळखणे, लहानथोर लावणे हे सारे त्यांतून होऊ लागले. पुढे १९५६-५७ च्या सुमारास हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणातच शाळा भरली. धाकट्या भावंडांस सांभाळण्यामुळे ज्या मुलींची शाळा बुडे, त्यांच्यासाठी पाळणाघर, बालवाडी व शाळा एकत्र नांदू लागली. १९६२ मध्ये सरकारने ताराबाईंस पद्मभूषण दिले आणि ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे देहावसान झाले.

या चरित्रावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, शिंपल्यांनी काम भागत असेल तर सुताराची गरजच काय? आम्हांस हे मान्य नाही. शिंपल्यांनी मोजणी शिकविता येते. परंतु कोणतेही दोन शिंपले ठरावीक मापाने लहानथोर नसतात, आणि चुकलेला शिंपला कोठे अडून राहत नाही. ते काम लाकडानेच व्हावे. ताराबाईंनी लाकूड टाकले नाही, त्याची महागाई टाकली. आज मात्र लाकडी शैक्षणिक खेळणे म्हटले की रंगीत खोके, गुळगुळीत पॉलिश आणि वाढदिवसाची भेट एवढेच डोळ्यांपुढे येते. ज्या घरी पुस्तके आहेत, गोष्टी सांगणारी माणसे आहेत, त्याच घरी हा दहा घनांचा मनोराही जातो. बांधकामावर राबणाऱ्या मजुराचे मूल त्याच गावात वाळूच्या ढिगावर खेळत असते.

अंगणवाडी हे कोसबाडच्या कार्यातून रूढ झालेले नाव सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजनेत घेतले. योजनेचा आरंभ ३३ प्रकल्पांनी झाला, आणि आज ती देशभर पसरली आहे. तेव्हा धायरीच्या कारागिराने आपला पहिला संच दुकानाच्या काचेत न ठेवता जवळच्या अंगणवाडीच्या सेविकेपुढे ठेवावा आणि मुले तो कसा हाताळतात हे आठ दिवस पाहावे, असे आम्ही सुचवितो. साग परवडत नसेल तर सावंतवाडीचे चितारी जसे हलक्या लाकडावर काम करितात तसे करावे, मात्र ते नीट वाळलेले असावे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांच्या सुरक्षिततेचे नियम कडक झाले आहेत, त्यांस अनुसरून रंग विषारी नसावा. आणि तीन वर्षांची मुले वस्तू तोंडात घालतात, म्हणून अंगणवाडीच्या मनोऱ्यात एक सेंटीमीटरचा घन न ठेवता चार सेंटीमीटरपासून आरंभ करावा. एवढ्या मापाचे तुकडे सुताराच्या कारखान्यात संध्याकाळी झाडून टाकले जातात.