ग्रेस हॉपर : जुन्यास न मोडतां नवें घडविणारी विदुषी

संगणकाशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस ग्रेस हॉपर हें नांव नवीन नाहीं. परंतु या बाईंविषयीं बहुधा यंत्रांत सांपडलेल्या पतंगाची गोष्टच सांगितली जाते. १९४७ सालीं हार्वर्डच्या मार्क दोन यंत्रांत पतंग सांपडला हें खरें. पण तो शोधून काढणारे दुसरेच होते. आम्हांस बाईंच्या चरित्रांतील निराळ्याच कार्याचें मोल अधिक वाटतें.

त्यांचा जन्म न्यूयॉर्क शहरीं ९ डिसेंबर १९०६ रोजीं झाला. गजराचें घड्याळ कसें चालतें हें पाहण्यासाठीं त्यांनीं लहानपणीं एकामागून एक सात घड्याळें खोलून टाकलीं, अशी कथा प्रसिद्ध आहे. १९३४ सालीं त्यांस येल विद्यापीठाची गणितांतील डॉक्टर ही पदवी मिळाली. त्या व्हासार कॉलेजांत शिकवीत असत. महायुद्ध सुरू असतां त्यांनीं नौदलांत प्रवेश केला, व १९४४ सालीं त्यांची नेमणूक हार्वर्ड येथील मार्क एक या ५१ फूट लांबीच्या गणकयंत्रावर झाली.

या यंत्रास छिद्रें पाडलेल्या कागदी पट्टीवरून आज्ञा द्याव्या लागत. एकदां बरोबर ठरलेला आज्ञांचा तुकडा हीं मंडळी वहींत टिपून ठेवीत व पुढें लागेल तेव्हां उतरून घेत. उतरतांना चुका होत. तें तर आमच्या वर्गांतही रोज घडतें! हें नकलेचें काम यंत्रानेंच कां करूं नये, या विचारांतून १९५२ च्या सुमारास बाईंनीं युनिव्हॅक यंत्रासाठीं ए-शून्य नांवाचा कंपायलर सिद्ध केला. मागून इंग्रजी शब्दांत आज्ञा घेणारी फ्लो-मॅटिक भाषा निघाली, आणि १९५९ सालीं योजिलेल्या कोबॉल भाषेनें तिच्यापासून पुष्कळ घेतलें. ६ व ७ डिसेंबर १९६० या दोन दिवशीं जवळजवळ एकच कोबॉल प्रोग्राम दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखविण्यांत आला. तोंपर्यंत यंत्र बदललें कीं जुनें सर्व लिखाण फुकट जाई.

परंतु पुढें प्रत्येक कारखानदार आपल्या कोबॉलमध्यें स्वतःची भर घालूं लागला, व एकाच भाषेच्या अनेक बोली झाल्या. १९६६ च्या अखेरीस निवृत्त झालेल्या बाईंना नौदलानें १९६७ सालीं सहा महिन्यांकरितां परत बोलाविलें तें याच कामासाठीं. ते सहा महिने एकोणीस वर्षें चालले! त्यांच्या मंडळानें परीक्षा-प्रोग्राम तयार केले. कंपायलर नवा असो वा सुधारलेला असो, ठरलेल्या नियमांप्रमाणें तो चालतो कीं नाहीं हें यांवरून कळे. पुढें अमेरिकन सरकारनेंही ही पद्धति उचलली.

भाषेचे नियम १९६८, १९७४ व १९८५ सालीं प्रसिद्ध झाले. दर खेपेस नवे शब्द राखीव होत. १९८५ सालीं इव्हॅल्युएट हा शब्द राखीव झाला. तेव्हां ज्यानें पूर्वीं आपल्या एखाद्या रकमेस तेंच नांव दिलें होतें, त्याचा बिनचूक प्रोग्राम नव्या कंपायलरला चालेना. विमा कंपन्यांनीं व इतरांनीं या खर्चाविरुद्ध मोठी ओरड केली, आणि आम्हांस ती रास्त वाटते. म्हणूनच जुन्या आज्ञा एकदम काढून न टाकतां त्यांस लवकरच त्याज्य अशी खूण करण्यांत आली. आल्टर नांवाची घातक आज्ञा अशा रीतीनें २००२ सालीं गेली.

तथापि बाई जुन्याच्या भक्त नव्हत्या. त्यांच्या कचेरींत उलट फिरणारें घड्याळ असे व तें वेळ बरोबर दाखवी. १९८६ सालीं रिअर ॲडमिरल या पदावरून त्या निवृत्त झाल्या आणि १ जानेवारी १९९२ रोजीं वारल्या. साल दोनच अंकांत लिहिण्याची जुनी काटकसर प्रोग्रामांत तशीच राहून गेली होती. २००० साल उजाडण्यापूर्वीं ते प्रोग्राम जगभर पुन्हां उघडून ओळ न् ओळ तपासावे लागले, व त्यांतील पुष्कळसे कोबॉलचेच होते.