रोग्याला शिकवणारे डॉ. जॉस्लिन

औषध घरात आले म्हणजे काम झाले, असे आपण समजतो. मग चार दिवस बरे वाटले की औषध चुकते, पथ्य सुटते. डॉ. एलियट जॉस्लिन यांचे सारे आयुष्य आपल्या या सवयीशी झगडण्यात गेले. म्हणून त्यांची थोडी ओळख करून घेऊ.

१८६९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ऑक्सफर्ड या लहान गावी त्यांचा जन्म झाला. हार्वर्ड येथे वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते बॉस्टन शहरात काम करू लागले. त्या काळी मधुमेहावर औषध नव्हते. कडक पथ्य एवढाच उपाय. खुद्द त्यांच्या आईला हा विकार जडला आणि पथ्याच्या बळावर ती अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक जगली. प्रत्येक रोग्याची हकीकत ते मोठ्या वहीत लिहून ठेवीत. पथ्य नुसते सांगून भागत नाही, ते शिकवावे लागते, हे त्यांनी ओळखले. म्हणून ते परिचारिकांना रोग्यांच्या घरी पाठवीत. १९१८ साली त्यांनी रोग्यांनाही वाचता येईल असे पुस्तक लिहिले.

ऑगस्ट १९२२ मध्ये त्यांच्या हाती इन्शुलिन आले. हाडांचा सापळा झालेली माणसे हिंडूफिरू लागली. ते पाहून त्यांना यहेज्केल संदेष्ट्याने पाहिलेल्या शुष्क अस्थींच्या खोऱ्याची आठवण झाली.

परंतु इन्शुलिनने रोग मुळातून जात नव्हता. टोचून घेणे रोजचे होते, आणि तेही जन्मभर. म्हणून पथ्य, इन्शुलिन व व्यायाम हे एकाच रथाचे तीन घोडे आहेत, असे ते शिकवीत. अन्न कसे मोजावे, लघवीतील साखर कशी तपासावी, पायांची निगा कशी राखावी, याचे धडे रोग्यांना मिळत. पंचवीस वर्षे मधुमेह असूनही ज्यांचे शरीर निकोप राहिले, त्यांना ते पदक देत.

रोग्याला बरे वाटते ना, मग साखरेचा एवढा बाऊ कशाला, असे काही डॉक्टर म्हणत. जॉस्लिन यांनी आपले मत सोडले नाही. १९६२ साली, ९२ व्या वर्षी ते वारले. पुढे १९९३ साली अमेरिका व कॅनडातील १,४४१ रोग्यांच्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. साखर काटेकोर ताब्यात ठेवणाऱ्यांचे डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतू पुष्कळ अंशी वाचले होते.

त्यांची शिस्त कडक होती. साखर वाढली की आपण अपराधी आहोत असे काही रोग्यांना वाटे, हेही खरे. आपण त्यांची चिकाटी घ्यावी, दोष देणे टाळावे. आपल्या घरातील आजारी माणसाला रागावून पथ्य घडत नाही. त्याच्याजवळ बसावे, आज इंजेक्शन घेतले का हे मायेने विचारावे, पाय पाहावेत, आणि उद्या पुन्हा तेच करावे. एकदा सांगितलेला धडा मुलांच्या मनात राहत नाही, तो दर रविवारी नव्याने घ्यावा लागतो, हे आपल्या शब्बाथशाळेच्या शिक्षकांना ठाऊकच आहे.